इरले की रेनकोट?

जुन्या वाड्याची मातीची भिंत शंभर-सव्वाशे पावसाळे काढते. मग कधीतरी घरात पैसा येतो, खरबरीत झालेला जुना गिलावा पाडून त्या जागी सिमेंटचा पक्का गिलावा होतो आणि वर हमीपत्रासकट वॉटरप्रूफ रंग चढतो. पहिली दोन वर्षे भिंत आरशासारखी दिसते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर कंबरेएवढ्या उंचीवर पिवळट डाग उमटतो, रंगाला फुगे येतात, बोट लावले की पोपडा हातात येतो आणि त्यामागून मिठासारखी पांढरी भुकटी गळते. खोलीला कुबट वास येऊ लागतो. ठेकेदार म्हणतो, भिंतच जुनी आहे. घरातले म्हणतात, मालच हलका वापरला. शेवटी आणखी एक जाड थर चढतो, आणि डाग नाहीसा होण्याऐवजी कंबरेवरून छातीपर्यंत सरकतो.

चुन्यामातीसारख्या पाणी पिणाऱ्या मालाने शतकभर कोरडी राहिलेली भिंत पाणी न शिरणाऱ्या मालाने तीन वर्षांत ओली कशी होते? हे कोडे सुटले की वारसा इमारतींचे हरित नूतनीकरण कशाला म्हणावे, या मोठ्या प्रश्नाचाही बराचसा उलगडा होतो. हरित म्हटले की डोळ्यांपुढे सौर पॅनेल, एलईडी दिवे आणि कमी विजेवर चालणारी यंत्रे येतात. ती वाईट नाहीत, पण कामाच्या यादीत त्यांची जागा शेवटची आहे. जुनी इमारत ही मुळातच पाणी आणि ऊन हाताळण्याची एक व्यवस्था असते. ती कशी चालत होती हे समजून घेणे आणि मधल्या काळात आपण तिच्यात घातलेला अडथळा काढणे, हे पहिले काम. ते न करता बसवलेले सौर पॅनेल म्हणजे सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाला नवा सदरा शिवण्यासारखे आहे.

पाणी येते कुठून, जाते कुठे

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. छपराच्या बाबतीत ती खरी. भिंतीच्या बाबतीत नाही. समईतले तेल वातीतून वर चढते, तसे पायातले पाणी माती, वीट आणि दर्जांमधल्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. छिद्रे जितकी बारीक तितके पाणी उंच जाऊ शकते. ते छतापर्यंत पोचत नाही, कारण वाटेत भिंतीच्या दोन्ही अंगांनी त्याची वाफ होत राहते. खालून जमा, बाजूंनी खर्च. जमा आणि खर्च जिथे जुळतात तिथे ओलीची रेघ थांबते. चुन्याच्या गिलाव्यात आणि चुन्याच्या सफेदीत वाफेला वाट असते, म्हणून जुन्या भिंतीत ही रेघ जोत्याच्या आसपासच राहायची आणि कुणाच्या लक्षातही यायची नाही. सिमेंटचा दाट थर आणि प्लॅस्टिकचा अंश असलेला रंग खर्चाची ही बाजू बंद करतात. जमा मात्र चालूच राहते. मग पाणी मोकळी जागा सापडेपर्यंत वर चढत जाते. कंबरेवरून छातीपर्यंत सरकलेल्या डागाचे कारण हे.

रेनकोट घालून पर्वती चढणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. वरून थेंब शिरत नाही, पण आतला सदरा घामाने चिंब होतो. मावळात आणि कोकणात लावणी करणारा माणूस इरले घ्यायचा, तेव्हा पाऊस पाठीवरून घसरून जायचा आणि खाली वारा खेळता राहायचा. जुन्या बांधकामाची सारी रीत इरल्याची आहे. भिंतीबाहेर दीड-दोन हात आलेले छप्पर, त्याखालची वळचण, पागोळ्या दूर पाडणारी पन्हळ, घडीव काळ्या दगडाचे उंच जोते. पाणी भिंतीपर्यंत येऊच द्यायचे नाही, आणि जे थोडे येईल त्याला जायला वाट ठेवायची. नव्या बांधकामाची रीत रेनकोटची आहे. ती नव्या इमारतीत चालते, कारण तिथे पायातच ओल अडवणारा थर घातलेला असतो. जुन्या भिंतीच्या पायात तसा थर नसतो. जोत्याचा घट्ट बसाल्ट ते काम करायचा.

आज ते जोतेही नेहमी जाग्यावर राहिलेले नसते. शहरात रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात, पदपथावर नवे ब्लॉक बसतात, आणि पूर्वी चार पायऱ्या चढून ज्या वाड्यात शिरायचे त्यात आता एक पायरी उतरून जावे लागते. म्हणजे जोते गाडले गेले आणि मातीची भिंत थेट ओल्या जमिनीला टेकली. आत चौकातली फरसबंदी काढून सलग काँक्रीट केलेले असते. पूर्वी दगडांच्या सांध्यांतून चौकाच्या जमिनीतली वाफ वर निघून जायची. आता वर झाकण बसल्यामुळे ते पाणी आडवे सरकत भिंतीच्या पायात येते. कित्येक वाड्यांमध्ये ओलीवरचा सर्वांत स्वस्त आणि खराखुरा हरित उपाय असा असतो: भिंतीलगत हातभर रुंदीचा चर खणून मूळ जोते मोकळे करायचे, चौकातले काँक्रीट फोडायचे आणि फुटकी कौले परतायची. यात छायाचित्र काढून दाखवण्यासारखे काही नाही, हा त्याचा दोष.

भिंतीचा फ्यूज

आता त्या पांढऱ्या भुकटीकडे. जमिनीतले पाणी एकटे वर येत नाही, विरघळलेले क्षार घेऊन येते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. वाफ पृष्ठभागावर होत असेल तर भुकटी पृष्ठभागावर जमते आणि केरसुणीने झाडता येते. पण पृष्ठभाग बंद असेल तर स्फटिक आत, गिलावा आणि भिंत यांच्या मधोमध वाढतात. वाढत्या स्फटिकाचा रेटा वीट फोडण्याइतका असतो. गिलाव्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहिली तर ठणठणीत जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजामागे बहुतेक वेळा हीच कथा असते.

चुन्याचा गिलावा मुद्दाम भिंतीपेक्षा कमकुवत ठेवलेला असतो. क्षार त्यात फुलतात, तो वीस-तीस वर्षांनी झडतो, तेवढा भाग पुन्हा केला जातो आणि मागची भिंत शाबूत राहते. विजेच्या फलकातल्या फ्यूजचे कामही असेच असते. ती तार स्वतः वितळते आणि पंखा वाचतो. मऊ विटांच्या किंवा मुंबईच्या जुन्या इमारतींतल्या पोरबंदरी दगडाच्या दर्जांमध्ये सिमेंट भरले की फ्यूजच्या जागी जाड खिळा ठोकल्यासारखे होते. दर्जा टिकतात आणि दगड खात जातो. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधले दगड खोल गेलेले दिसतात. वाड्यात याहून घातक गोष्ट नजरेआड होते. सागवानी तुळयांची टोके भिंतीत रुतलेली असतात. भिंत ओली राहिली की ती टोके कुजतात, वाळवीला आमंत्रण मिळते, आणि बाहेरून सगळे गुळगुळीत असताना आतला आधार जातो.

चौकट: चुन्याची गोल फेरी
चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की फसफसतो, उकळतो आणि विरून लोण्यासारखा मऊ होतो. हा विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला. वाळू मिसळून घाणीत मळला की गिलावा तयार. भिंतीवर लागल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. ताज्या तुकड्यावर फेनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला तर अजून न पिकलेला भाग गर्द गुलाबी होतो आणि पिकलेला पांढराच राहतो.

चुना धुतल्या तांदळासारखा नाही

पर्यावरणाच्या नावाने चुन्याची आरती ओवाळणाऱ्यांनी वरच्या चौकटीतले आकडे पुन्हा पाहावेत. भट्टीतून जाणारा वायू खराच आहे, शिवाय भट्टीचे जळण वेगळे. गिलावा पिकताना त्यातला बराच वायू परत येतो हे खरे, पण जळणाचा धूर परत येत नाही. सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि साध्या सिमेंटच्या एका किलोमागे ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याला जातो. तरी किलोला किलो लावून पाहिले तर चुना आणि सिमेंट यांच्यातले अंतर वाटते तितके मोठे नाही. चुन्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे. चुन्यात बसवलेली वीट न फुटता सुटते आणि पुन्हा वापरता येते. तुळया कुजत नाहीत आणि मूळ भिंत पाडावी लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. उभ्या इमारतीतली वीट भाजून झालेली आहे, दगड घडवून झालेला आहे, साग तोडून झालेला आहे. त्यामागची ऊर्जा खर्ची पडलेली आहे आणि ती परत मिळत नाही. इमारत पाडली की नव्या इमारतीसाठी तितकीच किंवा जास्त ऊर्जा नव्याने खर्चावी लागते. नवी इमारत वीज कमी खाते, तेव्हा वसुली होईलच, हा त्यावरचा नेहमीचा युक्तिवाद. वसुलीला किती वर्षे लागतात? अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या संस्थेच्या २०११ च्या अहवालात हा हिशेब आहे. ३० टक्के कमी ऊर्जा वापरणारी नवी इमारत घेतली तरी तिच्या बांधकामाने हवामानावर टाकलेला बोजा फिटायला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षे लागतात, असे तो अहवाल सांगतो. अमेरिकेतले आकडे पुण्या-नाशकाला जसेच्या तसे लागू नाहीत. आपल्याकडच्या जुन्या घरांना थंडीत तापवावे लागत नाही, म्हणजे त्यांची रोजची ऊर्जेची भूक मुळातच कमी आहे. त्यामुळे इथे पाडकामाच्या बाजूचा युक्तिवाद आणखी दुबळा होतो.

ऊन बारा तास उंबऱ्यावर

वाड्याच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीतून बाहेरचे ऊन आत पोचायला साधारण दहा-बारा तास लागतात. दुपारी दोनला बाहेर तापलेली उष्णता आतल्या अंगाला मध्यरात्रीच्या सुमारास येते, तेव्हा बाहेर गार झालेले असते आणि खिडक्या उघड्या असल्या की ती चौकातून आकाशाकडे निघून जाते. यासाठी एक अट आहे: दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक हवा. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३८ अंशांच्या आसपास आणि पहाटेचा २० च्या आसपास असतो. हा फरक भिंतीला रोज रिकामी व्हायची संधी देतो. मुंबईत मे महिन्यात दुपारी ३३ आणि पहाटे २७. तिथे जाड भिंत रात्री रिकामी होतच नाही. म्हणून मुंबईच्या जुन्या इमारतींची युक्ती वेगळी: उंच छत, समोरासमोर खिडक्या, खोल सावलीचे व्हरांडे, समुद्राच्या वाऱ्याला मोकळी वाट. पुण्यातला उपाय उचलून गिरगावात लावणारा वास्तुविशारद आणि मुंबईतल्या इमारतीचा नमुना वाईत आणणारा बिल्डर, दोघेही एकच चूक करतात.

चौकात सकाळ-संध्याकाळ सडा पडायचा, तो नुसती धूळ बसावी म्हणून नव्हे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता ओढली जाते. दहा लिटरचा सडा वाळताना सहा-सात युनिटांचे काम होते. ती सगळी थंडी ओसरीवर बसणाऱ्याला मिळत नाही, बरीचशी जमिनीला आणि वाऱ्याला जाते. पण बादलीभर पाण्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. चौकावर पारदर्शक पत्रा टाकून त्याचा दिवाणखाना केला की सडा, रात्रीचा गारवा, वर चढून जाणारी गरम हवा, सगळे एका फटक्यात बंद होते. मग वातानुकूलन यंत्र लागते, आणि त्याच्या विजेसाठी सौर पॅनेल. त्या पॅनेलला हरित म्हणताना निदान मनात तरी चरकायला हवे.

यंत्रांची पाळी

आधी गरज कमी करा, मग यंत्र आणा, हा क्रम नुसत्या वाड्यांचा नाही. न्यूयॉर्कमधली एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मध्ये पूर्ण झाली आणि तीही संरक्षित वारसा आहे. २००९ मध्ये तिचे ऊर्जा-नूतनीकरण जाहीर झाले, तेव्हा गारवा देणारी मोठी यंत्रणा बदलण्याचा प्रस्ताव समोर होता. अभियंत्यांनी सुरुवात खिडक्यांपासून केली. सुमारे ६,५०० खिडक्यांच्या काचा काढून, इमारतीतच एका मजल्यावर कार्यशाळा थाटून, दोन काचांच्या मध्ये उष्णता अडवणारा पातळ पडदा आणि वायू भरून त्याच काचा परत बसवल्या. जवळजवळ सगळी जुनी काच वापरात आली. उष्मा आत येणेच कमी झाल्यावर नव्या, मोठ्या यंत्रणेची गरज उरली नाही. जुनीच दुरुस्त करून भागले. या साऱ्या कामांमुळे ऊर्जेचा खर्च ३८ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. पोलादी गगनचुंबी इमारतीत जे जमते ते दोन मजली वाड्यात न जमण्याचे कारण नाही.

वाड्यात हा क्रम कसा लागतो? ओल आणि सावली मार्गी लागल्यावर पंखे. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास. वातानुकूलन हवेच असेल तर एखादी खोली बंदिस्त करून तिथपुरते, सगळ्या वाड्याला नको. आणि त्याहून आधी वायरिंग. कडीपाटात लपवलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या जुन्या तारांवर सौर यंत्रणा जोडणे हा विस्तवाशी खेळ आहे. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी मजले गेले आणि दगडी जोती उरली, हे पुण्यात कुणाला सांगायला नको.

पण भूकंप?

यावर सर्वांत गंभीर आक्षेप पैशांचा नाही, सुरक्षिततेचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यातली बहुसंख्य अशाच जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली सापडली. तेव्हा जुने ते सोने म्हणत बसणे हा गुन्हा ठरेल. पण त्या भिंती कशा पडल्या तेही पाहायला हवे. जाड दगडी भिंत बहुधा एकसंध नसते. बाहेरची एक आणि आतली एक अशा दोन पातळ भिंती उभ्या करून मधे दगडगोटे आणि माती भरलेली असते. हादरा बसला की दोन्ही पदर वेगळे होतात, फुगतात आणि कोसळतात. वर माळवदावर दर काही वर्षांनी नवी माती घालून घालून हात-दीड हाताचा थर साचलेला असतो. फूटभर जाडीची माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते.

उपाय या कारणांतूनच निघतात. दोन्ही पदरांना शिवणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर बसवणे, भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंना जोडणारा पट्टा बांधणे, लाकडी खण एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जखडणे, आणि माळवदावरची वाढीव माती उतरवून हलके छप्पर करणे. यात पोलाद येते, गरज पडली तर पट्ट्यापुरते काँक्रीटही येते. शुद्धतेचा हट्ट इथे धरू नये. काँक्रीटला विरोध नाही, ते कुठे घालायचे हा प्रश्न आहे. सगळ्या भिंतीला वरून चोपडलेले सिमेंट भूकंपात काही धरून ठेवत नाही. उलट ओलीने मऊ झालेली माती झाकून ठेवते. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे जुना वाडा कोसळल्याची बातमी येते, त्यात नुसत्या वयापेक्षा पाण्याचा हात मोठा असतो.

दुसरा आक्षेप कारागिरांचा. चुन्याच्या घाणी गेल्या, बैल गेले, चुना किती मुरला हे बोटांच्या चिमटीत ओळखणारे हात कमी उरले. हे खरे आहे आणि त्यावर झटपट तोड नाही. घाणीचे काम आज विजेवरचे यंत्र करू शकते. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा यांचे पाणी का घालायचे हेही आता गूढ राहिलेले नाही: साखरेमुळे चुना सावकाश घट्ट होतो आणि सुबक पसरतो, तंतूंमुळे तडे जात नाहीत. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत, म्हणजे ही समज बरीच जुनी. विटेची भुकटी, म्हणजे सुर्खी, घातली तर चुना ओल्या जागीही घट्ट होतो. विहिरी आणि हौद त्यावरच बांधले गेले. किनाऱ्यावर कोकणात आणि गोव्यात चुनखडीच्या जागी शिंपल्या भाजायचे. कृती ठाऊक आहे, माल मिळतो. कमी पडतो तो धीर.

कारण भिंत वाळायला वेळ लागतो, आणि तो पैसे देऊन कमी करता येत नाही. सिमेंटचा गिलावा उतरवल्यावर लगेच चुना लावला तर आत अडकलेले क्षार पहिल्याच वर्षी नव्या गिलाव्यात फुलतात, आणि मग चुन्यालाच नावे ठेवली जातात. ढोबळ हिशेब इंचाला एक महिना असा आहे. अठरा इंची भिंत, दीड वर्ष. तेवढा काळ ती उघडी, डागाळलेली, पाहुण्यांना दाखवायला लाज वाटेल अशी ठेवावी लागते. वर येणारी भुकटी अधूनमधून कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर फेकायची; पाण्याने धुवायची नाही, धुतली तर क्षार पुन्हा आत जातात. ओलीची रेघ पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहून ठेवली तर ती खाली उतरताना दिसते. आणि दीड वर्षात एक पावसाळा तरी हमखास येतो. म्हणून भिंतीला पहिला हातोडा लागण्याआधी कौले परतून, पन्हळ बसवून, वळचण नीट करून झालेली असावी लागते.